पुढं ढकलायची गोळी

रविवार, ३ मार्च १९९६

ही डायरी समिनानं दिली. बियाण्याच्या कंपनीची हाय, कॉलेजात कुणीतरी वाटली म्हणं. म्हणली, "अम्मी, तू गावभर बोलून येतीस तरी घरी आल्यावर अर्धं उरलेलंच असतंय. ते हितं लिही, आमचे कान तरी सुटतील." कार्टी माझ्यावरच गेलीय. पण लिहिणार. सातवी पास हाय मी, बावड्याच्या शाळेत अक्षरात माझा पयला नंबर असायचा.

तर आमचा धंदा बांगड्यांचा. सासऱ्यांनी खांद्यावर माळा घेऊन वाड्या-वस्त्या केल्या, आता ते मी करते. आमचे हे, म्हणजे बादशाहभाई, टेंपो चालवतात. सराई लागली की मला टेंपोतनं लग्नघरी सोडतात. नवरीला हिरवा चुडा भरायचा म्हणलं की सराटीपासनं शेटफळपर्यंत सिताराभाभीच लागते. माझ्या हातनं बांगडी वाढवत न्हाय, म्हणजे फुटत न्हाय, असं लोक म्हणतात. खरं हाय ते. अंगठा आत दुमडून हात असा दाबते की नवरीला कळतबी न्हाय.

लग्नघराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बसलेली असतेच. ती हळूच विचारते, "भाभी, अडचण न्हाय ना?" पाळी आलेल्या बाईच्या हातचा चुडा नवरीला चालत न्हाय. मी म्हणते, "न्हाय, आजी." आन खोटं बोलत न्हाय. सराईभर मी अडचण येऊच देत न्हाय. इंदापूरच्या मेडिकलात पुढं ढकलायची गोळी मिळते, ती घ्यायची. रमजानात बी घेतली, एक रोजा सुटला न्हाय. गावातल्या बायकांना मेडिकलातल्या पोरांपुढं तोंड उघडायची लाज वाटते, मग मीच त्यांच्यासाठी बी आणते. बांगड्यांच्या पेटीत खालच्या कप्प्यात पाकिटं असतात. बायका दुवा देतात.

सोमवार, ११ मार्च

ईद झाली, चार लग्नं झाली, गोळी बंद केली. मग आली ती आलीच. थांबायचं नावच काढंना. अम्मा, म्हणजे माझी सासू, म्हणली, "उन्हाळा लागला, उष्णता हाय. धनं-जिरं भिजवून पी." पिते हाय.

शुक्रवार, २२ मार्च

अजून चालूच. आठवड्याचा हिशोबच सोडला. परवा लुमेवाडीचं लग्न होतं, म्हणून परत गोळी चालू केली. दोन दिवस थांबल्यागत झालं. चुडा भरला, खण-नारळ घेतला, घरी आले आन परत सुरू.

हे कॅनॉलवर गेले होते टेंपो धुवायला. माझं धुणं बी घेऊन गेले. मी म्हणलं, "अवो, ते नका नेऊ, कुणी बघंल." तर म्हणले, "बघू दे." एवढंच. हा माणूस शब्द असा खर्च करतो की जणू उसने आणलेत.

मंगळवार, २ एप्रिल

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं न्हाय.

शेटफळला धनगराच्या घरी चुडा होता. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. गोळी चालू होती, त्यामुळं मी निर्धास्त. नवरीचा डावा हात भरला, उजवा घेतला, आन खाली गरम लागलं. गोळीला बी जुमानंना आता. उठावं तर कसं उठावं? भोवती बायका, पोरी, गाणी चाललेली. उजवा हात भरून होईपर्यंत मी हाललेच न्हाय. मग म्हणलं, "घोंगडी मी घडी करते, तुमी नवरीला देवापुढं न्या." काळी घोंगडी, दिसलं काय न्हाय. पण ओलं हाताला लागलं. त्यांच्या बिरोबाची घोंगडी ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात उन्हात आले आन डोळ्यापुढं काजवे. टेंपोच्या फळीला धरून खाली बसले. ह्यांनी उतरून पाणी दिलं. गावात आल्यावर सरळ डॉक्टरच्या दारात टेंपो लावला. डॉक्टरनं सुई मारली, म्हणला, "थांबेल." मला न विचारता ह्यांनाच म्हणला.

रविवार, ७ एप्रिल

थांबलं न्हाय.

घरात रोज कलेजी. काल कलेजी, आज कलेजी. वरनं बीट आन खजूर. ह्या माणसाला बाजारात दुसरं काय दिसत न्हाय का? समिना म्हणली, "अम्मी, खा गुपचूप." तिचं तोंड उतरलं होतं. परीक्षेचा ताण असंल.

मंगळवार, ९ एप्रिल

इंदापूरला गेलो. मोठा दवाखाना, भिंतीवर बाळांचे फोटो. डॉक्टर टेबलापलीकडं, मी अलीकडं, हे माझ्या शेजारी. डॉक्टर ह्यांना विचारतोय, "किती मुलं?" हे म्हणले, "एक मुलगी, एक मुलगा." "वय काय यांचं?" "चाळिशी झाली." "मग पिशवी काढून टाका. काय करायचीय आता ती? येत्या सोमवारी या, उपाशीपोटी."

संपलं! माझ्या पोटाला हात लावला न्हाय, नाडी बघितली न्हाय, मला एक शब्द विचारला न्हाय. भेंडीचा देठ बी बाई हातात धरून बघून मोडते. मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, मला झालंय काय?" तर कागदावर लिहिता लिहिता म्हणला, "ते काढल्यावर कळेल."

मी उठलेच. हे म्हणले, "अगं, थांब की." मी थांबले न्हाय.

बुधवार, १० एप्रिल

घरात सभा. अम्मा म्हणली, "काढून टाक आन मोकळी हो. वालचंदनगरला माझ्या भाचीनं काढलीच की." मी म्हणलं, "तुमची भाची त्यानंतर उठून पाणी तरी भरते का?" अम्मा म्हणली, "मग मरतीस का आता? समिनाचं अजून सगळं व्हायचंय." आन पदर तोंडावर घेतला. माझं मरण आलं तर हिला घरातलं काम पडंल ना, म्हणून.

माझा इरादा पक्का हाय. काढायची असंल तर काढतील, मी काय तिला पुजायला ठेवणार न्हाय. पण आधी मला झालंय काय ते सांगा. आजार म्हशीला आन इंजेक्शन पखालीला, हे मी चालवून घेणार न्हाय. बारामतीत एक डॉक्टरीण बाई हाय, बायकांचीच. माझी मोठी भैन जैतून जळोचीला राहते, तिच्या सुनेचं बाळंतपण तिनंच केलं. जैतून म्हणायची, "ती आधी ऐकते, मग लिहिते." मला असलीच पायजे.

ह्यांना म्हणलं, "बारामतीला जायचं." म्हणले, "कधी?"

शुक्रवार, १२ एप्रिल

साखरबाई आली. तिचं घर आमच्या मागल्या गल्लीत. सासऱ्याच्या वेळी शंभर मेंढरं होती, आता ऊस हाय आन पिठाची गिरणी. तिच्या छकुलीचं लग्न ठरलं. जूनमध्ये, पुढं अधिक महिना लागतोय, त्याच्या आधी उरकायचं. म्हणली, "चुडा तूच भरायचा. आन भाभी, त्या गोळ्या दोन पाकिटं दे. एक मला, एक छकुलीला. ऐन लग्नात नको." दिल्या. तिच्या हातावर पाकिटं ठेवली तर हात गार लागला. म्हणलं, "उन्हाळ्यात बी तुला थंडी?" हसली. म्हणली, "जत्रेपासनं अंगात ताकदच न्हाय बघ." जत्रेला बी ती माझ्याकडनंच घेऊन गेली होती. काम फार करते बिचारी.

मंगळवार, १६ एप्रिल, जळोची

बारामती गाठली. एस.टी.त सगळ्या वाटंनं पाय आवळून बसले होते.

डॉक्टरीण बाई लहानखुरी, चष्मा नाकावर घसरलेला. ह्यांना म्हणली, "तुम्ही बाहेर बसा." हे असे सुटले जसा शाळेतनं पोरगा. मग तिनं दार लावलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, पोट दाबलं, आतनं तपासलं. लाज वाटली, पण बरं बी वाटलं. कुणीतरी बघतंय. मग म्हणली, "किती दिवस चाललंय?" म्हणलं, "बाई, दिवस मोजायचं सोडलं. ईद झाल्यापासनं अधनंमधनं, आन आता तर सतत."

"औषध काय काय घेता?"

"काय न्हाय. गावच्या डॉक्टरनं सुई मारली तेवढी. धनं-जिरं पिते."

"गोळ्या?"

"न्हाय बाई. मला कसलंच दुखणं न्हाय, मी गोळ्या कशाला घेऊ?"

तिनं रक्त घेतलं आन सोनोग्राफीला पाठवलं. तांब्याभर पाणी प्यायला लावून बसवलं. टीव्हीसारखं त्यात माझ्या पोटात बघितलं त्यांनी. मला बी दाखवा म्हणलं तर तिथला माणूस हसला. पण मी म्हणलं, "हसता काय? पोट माझं हाय." मग दाखवलं. ढगाळलेलं आभाळ दिसलं, बाकी काय कळलं न्हाय.

गुरुवार, १८ एप्रिल, जळोची

आज काय लिहू आन काय न्हाय.

रिपोर्ट आले. रक्त निम्म्याच्या खाली. डॉक्टरीण म्हणली, "या रक्तावर तुम्ही चालता कशा?" म्हणलं, "टेंपोतनं." ती हसली न्हाय. म्हणली, पिशवीत गाठ न्हाय, आतलं अस्तर तेवढं जाड हाय. "अस्तर का वाढलंय तेच मला कळत नाही. चाळिशीत होतं असं, पण..." आन कागद खालीवर करत बसली. मग म्हणली, "मी जरा फोन करून येते," आन आतल्या खोलीत गेली.

हितं एक नर्स होती, जाडगेली, बोलायला गोड. माझ्या हातातल्या बांगड्या बघून विचारलं, तर धंद्याचं सांगितलं. ती म्हणली, "अगं बाई, पुढल्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न हाय, आन नेमकी तेव्हाच माझी तारीख." मी काय बसते गप्प? माझ्या कापडी पिशवीत पाकीट होतंच. काढलं आन तिच्या हातात दिलं. "घे. तारखेच्या आधी चालू कर. काय घाबरू नको. मी तर सगळी सराईभर घेते. रमजानात बी घेतली. आमच्याकडच्या समद्या बायका घेतात, मीच आणून देते."

मागं बघते तर डॉक्टरीण दारात उभी.

"गोळ्या घेत नाही म्हणालात ना तुम्ही?"

"बाई, ही काय गोळी हाय का? म्हणजे गोळी हाय, पण औषध न्हाय. ही तर पुढं ढकलायची."

तिनं नर्सच्या हातातनं पाकीट घेतलं, खुर्ची ओढली, माझ्या समोर बसली. म्हणली, "आता सगळं सांगा. पहिल्यापासून." मी सांगितलं. रमजान, मग बंद, मग सराई, परत चालू, लग्न झालं की बंद, परत चालू, आन शेवटी एकाच्या जागी दोन. सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं. तोंड चालू होतं आन आतनं गार पडत चाललं होतं.

ती रागावली न्हाय. रागावली असती तर मी भांडले तरी असते. म्हणली, "ही गोळी वाईट नाही. एखाद्या वेळी, विचारून घेतली तर चालते. पण तुम्ही तिच्यावर सगळा हंगाम काढला. बंद केली की रक्त येणारच, ते यायच्या आत तुम्ही परत थांबवत होता. शरीराला कळेना यायचं कधी आणि थांबायचं कधी."

म्हणलं, "मग पिशवी काढायची?"

"आत्ता तरी नाही. आधी ही गोळी बंद. रक्त चढवू. पिशवी आतून खरवडून घेऊ आणि तो तुकडा पुण्याला तपासायला पाठवू. तुमच्या वयात ते बघितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. रिपोर्ट आला की मग ठरवू, आणि तुम्हाला विचारून ठरवू."

तुम्हाला विचारून म्हणली. मला.

शुक्रवार, १९ एप्रिल

झोप लागली न्हाय. माझ्याच हातानं मी माझं केलं, हे कबूल. पण मी एकटीनं घेतली असती तर भागलं असतं. पेटीच्या खालच्या कप्प्यातनं मी किती जणींना वाटली? साखरबाई. शेटफळच्या दोघी जावा. लुमेवाडीची ती नवी सून. दुवा घेत होते मी. या अल्ला.

आन उंबऱ्यावरच्या त्या प्रश्नाला आता काय सांगायचं? गोळी घेतली तर मी मरते, न घेतली तर धंदा मरतो. चुडा हाय म्हणून आमची सराई हाय. बाजारात बसून चार डझन विकल्यानं समिनाचं कॉलेज होत न्हाय.

मंगळवार, २३ एप्रिल

खरवडणं झालं. दुखलं, पण सोसवलं. रक्ताची बाटली लावली. रक्त ह्यांचं जुळलं. एवढा धिप्पाड गडी, सुई बघून पांढराफटक पडला. नर्स म्हणली, "भाऊ, तुम्हालाच सलाईन लावू का?" रक्त दिलं आन कॉटवर तसेच पडून राहिले. माझ्याकडं तोंड करून म्हणले, "सितारा, कलेजी खाल्ली असतीस तर एवढं लागलं नसतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलं ते! म्हणून रोज कलेजी. मला एवढं हसू आलं आन एवढं रडू आलं, की नर्सनं येऊन बाटली बघितली.

सोमवार, ६ मे

बकरी ईद अंथरुणातच गेली. आज परत बारामतीला जाऊन आलो. पुण्याचा रिपोर्ट आला. वाईट काय न्हाय. डॉक्टरीणीनं दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं, तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. रक्ताच्या गोळ्या दिल्यात, ह्या घ्यायच्या. दुसऱ्या कुठल्याच घ्यायच्या न्हाईत. पाळी येईल तेव्हा येऊ द्यायची आन ती किती दिवसांत आपोआप थांबते ते बघायचं. थांबली तर जिंकलो. न थांबली तर परत यायचं आन मग पिशवीचा विचार.

म्हणजे अजून सुटका न्हाय. पण आता मला ठाऊक तरी हाय की कशाची वाट बघायची.

गुरुवार, ९ मे

पाळी आली. आन आजच लुमेवाडीला चुडा.

अम्मा म्हणली, "जाऊ नको, ताप हाय म्हणून निरोप दे." म्हणलं, "दर खेपंला ताप? मग म्हणतील भाभीला क्षय झाला." गेले. उंबऱ्यावर म्हातारीनं विचारलं, "अडचण न्हाय ना?" मी म्हणलं, "हाय."

म्हातारी असं बघायला लागली की जणू मी शिवी दिली. आतनं नवरीची आई आली. म्हणली, "भाभी, मग आलात कशाला?" म्हणलं, "तुमी विचारलं, मी खरं सांगितलं. खोटं बोलायसाठी आजवर मी गोळ्या खाल्ल्या आन मरायला टेकले. आता खात न्हाय. भरायचा असंल तर भरते, नसंल तर जाते." ती म्हणली, "जावा मग."

परत फिरले. टेंपोत बसले आन रडले. ह्यांनी टेंपो सुरू केला न्हाय. माझं रडून झाल्यावर सुरू केला.

सोमवार, १३ मे

अजून चालू हाय. आधीसारखा लोंढा न्हाय, पण हाय. भीती वाटते. भीतीपायी काल पेटीचा खालचा कप्पा उघडला. एक पाकीट राहिलं होतं. बघत बसले. मग चुलीत घातलं. प्लॅस्टिकचा वास सुटला, अम्मा ओरडली.

रविवार, १९ मे

थांबली, पण लई लांबली. फोन लावला बारामतीला, एस.टी.डी. बूथवरनं. डॉक्टरीण म्हणली, "पहिली अशीच जाते. पुढची बघू. पुढची ठरवेल." म्हणजे अजून एक महिना जीव टांगणीला.

बुधवार, २२ मे

आता बांगड्या न घेता फिरते. लोक विचारतात, "भाभी, माळा कुठं?" म्हणते, "आज इकायला न्हाय, बोलायला आलेय." शेटफळच्या जावांना सांगितलं. धाकटी म्हणली, "आमाला तर काय होत न्हाय." म्हणलं, "मला बी होत नव्हतं." थोरली नुसती नखं बघत बसली. तिचीबी नखं पांढरी. तिला बारामतीचा पत्ता दिला.

मग साखरबाई. तिच्याकडं जायला पाय उचलंना. तिनं पीठ चाळता चाळता ऐकलं. म्हणलं, "पाकिटं परत दे. दोन्ही." ती उसळली. "आन ऐन लग्नात आली तर? सासू हाय घरात, देवाचं हाय, हळद हाय! तू आन तुझी डॉक्टरीण येणार हाईस का निस्तरायला?" मी म्हणलं, "तुझा हात बघ. पिठात हाय आन पिठापेक्षा पांढरा हाय."

तिनं हात झटकला. पण पाकिटं आणून दिली. एक फोडलेलं होतं, तिचं. छकुलीचं तसंच होतं. दाराआडनं छकुली बघत होती. जाताना तिच्या कानात म्हणलं, "जे होईल ते होईल, पोरी. लपवायला गोळी घेऊ नको." ती म्हणली, "व्हय, काकी."

शुक्रवार, ७ जून

आज छकुलीचा चुडा.

आन काल संध्याकाळी माझी आली. हसावं का रडावं! ज्या पाळीवर सगळं ठरायचं, ती ह्याच दिवशी. हे म्हणले, "सोडू का?" म्हणलं, "मागल्या गल्लीत जायला टेंपो कशाला?" तरी दारापर्यंत चालत आले.

साखरबाईची सासू कुशाबाई उंबऱ्यावर बसलेली. नव्वदीकडं झुकलेली, पण नजर अशी की सुईत दोरा ओवंल. देवाचं समदं तिच्या हातात. घरात पंचवीस-तीस बायका. मध्ये घोंगडी, घोंगडीवर छकुली.

"भाभी, अडचण न्हाय ना?"

म्हणलं, "हाय, आजी. काल आली."

गाणी थांबली. साखरबाईनं कपाळावर हात मारला. कोण तरी मागनं म्हणलं, "अगं बया, आन हात लावणार व्हती!" मी माळा परत खांद्यावर घेतल्या. मान वर होती. ह्या घरात माझ्या हातचा चुडा नसला तर चार गावांत नसणार, हे मला ठाऊक होतं. तरी गोळी घेतली न्हाय, आन घेणार बी न्हाय.

तेवढ्यात घोंगडीवरनं छकुली म्हणली, "आजी, मग मला बी उठवा. मला बी आज सकाळी आलीय."

साखरबाईनं, "अगं कार्टे!" म्हणून तोंडावर पदर घेतला. आता नवरीलाच कोण बाजूला बसवणार? पाव्हणे निघालेले, मांडव घातलेला, हळद वाटून ठेवलेली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या आन मग सगळ्या कुशाबाईकडं.

कुशाबाई हळूहळू उठली. मला वाटलं, आता काठी बसते. तिनं दार आतनं लोटून घेतलं. म्हणली, "हितलं हितंच राहू द्या. जिच्या तोंडातनं बाहेर जाईल तिला मी बघते." मग माझ्याकडं वळली. "बस, भाभी."

"भरू, आजी?"

"भर. कोपरापतुर भर."

मी भरला. एक बी बांगडी वाढवली न्हाय. छकुलीचा हात ऊन-ऊन होता, ताज्या भाकरीवानी. कुशाबाई माझ्याजवळ येऊन टेकली. सगळ्या गाण्यात गुंतल्यावर हळूच म्हणली, "माझ्या लग्नात मला बी आलेली, कुणी इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर मी काय सांगणार व्हते?" आन पदरानं नाक पुसलं. म्हातारीला हळदीची शिंक आली असंल. मी हात चालवत राहिले.

निघताना तिनं खण-नारळ दिला आन वर गूळ ठेवला. म्हणली, "खा. अंगाला रक्त लागतंय." साखरबाई दारापर्यंत आली. म्हणली, "भाभी, लग्न झालं की मला ने बारामतीला." मी म्हणलं, "तुला न्यायचीच हाय. तू नको म्हणली असतीस तरी ओढून नेली असती."

बुधवार, १२ जून

काल संध्याकाळी कमी झालं. आज सकाळी न्हायच.

विश्वास बसंना. दुपारपर्यंत कुणाला बोलले न्हाय. मग अम्माला सांगितलं. ती म्हणली, "अल्लाची मेहेरबानी," आन तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळानं बघितलं तर ती खडे ठेवत होती आन तांदूळ फेकत होती.

आज बाजार. ट्रंकेतनं फिक्की अबोली साडी काढली, समिनानं दिवाळीला आणलेली, घडी बी मोडली नव्हती. ती नेसले. रस्त्याच्या कडंला पोत्यावर माळा मांडल्या, दिवसभर उठले-बसले, बायकांच्या हातात हात घालून बांगड्या भरल्या. आन दिवसभरात एकदा बी मागं वळून साडी बघितली न्हाय.